आडवाटेचं रक्त

युनूस मुलाणीचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नव्हता, आणि हे तो छाती पुढं काढून सांगायचा. दूधवाल्यानं माप घातलं की हा आधी बोटानं दुधाचा थेंब नखावर घेऊन बघणार, मग पातेलं आत नेऊ देणार. कंपनीत शिफ्टला आला की लेथवरचं आधीच्या माणसाचं सगळं सेटिंग मोडून पुन्हा स्वतः लावणार. "चांगलं असंल की," असं कुणी म्हटलं तर याचं उत्तर ठरलेलं असायचं, "असंल तर पुन्यांदा लावल्यानं काय वाईट व्हतंय का?"

आता माणूस उगाच असा होत नाही. बापाची माळावरची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा एका गोडबोल्या साहेबानं घरटी एक नोकरी कबूल करून बापाचा अंगठा घेतला होता. नोकरी मिळाली, पण बापाच्या आणि मग पोराच्याही चपला झिजल्यावर. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं लागतं. युनूस तर पाणीही फुंकून प्यायचा.

अशा माणसाची नोकरी एका दुसऱ्या माणसाच्या जिभेवर येऊन लटकली, तेव्हाची ही गोष्ट.

झालं असं. दुसऱ्या शिफ्टला एका संध्याकाळी कंपनीतले दिवे गेले. दिवे आले तेव्हा फोरमन जयसिंग निंबाळकर डोकं धरून खाली बसलेला, कुणीतरी अंधारात मागून पाना घातलेला. जयसिंगाचं आणि युनूसचं त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाजलं होतं. जयसिंगानं शुद्धीवर येताच युनूसचं नाव घेतलं. दुसऱ्याच दिवशी युनूसच्या हातात चार्जशीट आणि कंपनीचं गेट बंद. इन्क्वायरीत दोषी ठरला की कायमचा घरी.

वास्तविक दिवे गेले तेव्हा युनूस चेकिंगच्या टेबलाशी उभा होता. सुरेंद्र धारप नावाच्या चेकरनं त्याचे बुश, म्हणजे लेथवर केलेल्या पोकळ कड्या, रिजेक्ट केले होते आणि हा त्याच्याशी भांडत होता. अंधार पडला तरी भांडण थांबलं नव्हतं. म्हणजे युनूस निर्दोष आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस कोण, तर रोज त्याचा माल नापास करणारा! युनूसचं त्याच्याशी कधी पटलं नव्हतं. बरं, हा धारप सरळ रेघेतला माणूस. कपड्यांना कडक इस्त्री, बोलणं मोजकं, खोटं बोलायची सवय नाही. "मी साक्ष देतो," असं त्यानं आपणहून सांगितलं तेव्हा युनूस चक्रावलाच होता. 'याचा ह्यात काय फायदा?' हाच पहिला विचार त्याच्या डोक्यात आला होता.

आणि इन्क्वायरीच्या तोंडावर युनियनचा खंडू धावत चिंचवड गावठाणात त्याच्या घरी आला.

"युनूसभाऊ, घात झाला! धारपांना लकवा मारला. वाचा गेलीय. पुण्याला नेलंय."

लकवा काय असतो ते युनूसनं घरात बघितलं होतं. त्याच्या चुलत्याला झाला होता. धडधाकट पैलवान गडी सकाळी तोंड धुताना पडला, तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. बायकोकडं बघून नुसता रडायचा. धारपाचंही तेच होणार, म्हणजे आपण संपलो. त्या दिवशी युनूसला धारपाची खरोखर कीव आली.

पण आठवडा गेला नाही तोच खंडू पुन्हा आला. "अरे, धारप घरी आले! बोलतायत म्हणं चांगले. हात बी हलतो."

आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? पण युनूसच्या कपाळाला आठी पडली. लकवा झालेला माणूस आठवड्यात बोलतो? मग चुलत्याला काय झालं होतं? साक्षीच्या आधी बरोबर आजारी पडतो, सगळीकडं बोंब होते, आणि मग चांगला बोलायला लागतो. कुठंतरी पाणी मुरत होतं.

संत तुकाराम नगरात धारपांचा ब्लॉक तळमजल्यावर होता. युनूस बिल्डिंगजवळ पोचला आणि जागीच थबकला. दारात कंपनीची जीप! पर्सोनेल ऑफिसर अनंत बेहेरे धारपांच्या दारातून बाहेर पडत होता, आणि मागं उभी राहिलेली धारपाची बायको मृदुलावहिनी हातात सफरचंदांची पिशवी घेऊन त्याला नमस्कार करत होती. युनूस पाण्याच्या टाकीआड झाला. जीप गेल्यावरच तो बाहेर आला. साहेब लोक चेकरच्या घरी फळं घेऊन कधीपासून जायला लागले?

आत गेला तर धारप खाटेवर उताणा. डोक्याखाली उशीसुद्धा नाही, उलट पायांखाली वळकटी.

"ये, युनूस," धारप स्वच्छ आवाजात म्हणाला. "तुझ्या त्या बुशांचं भोक मोठं होतं म्हणजे होतंच. मी आजारी पडलो म्हणून लहान होणार नाही."

युनूसला हसू आलं नाही. "सुरेंद्रराव, साक्षीला येनार न्हवं?"

"येणार. का नाही येणार?"

"मंग जरा उठून दावा की. येनार म्हंता तर चालता यायला पायजे."

"अहो भाऊ, डॉक्टरांनी—" मृदुलावहिनी पुढं झाली, पण धारपानं हात वर केला. तो उठून बसला, खाटेची कड धरून उभा राहिला. "हे बघ. त्या दिवशी तू माझ्या टेबलाशी..." एवढं बोलला, आणि शब्द घसरले. "तू... टे... टेब... ते..." उजवा हात दोरी तुटावी तसा खाली आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

वहिनी ओरडलीच. "आडवं करा! आधी आडवं करा त्यांना!" दोघांनी धरून त्याला खाटेवर निजवला. वहिनीनं पाय वर केले, छातीवरून हात फिरवत बसली. थोड्या वेळानं धारपानं डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "पाणी दे गं." अगदी स्वच्छ.

युनूस त्याच्याकडं टक लावून बघत राहिला. वा रे पठ्ठ्या! बुशांचं बोलताना जीभ कशी सुरीसारखी चालत होती. साक्षीचं नाव काढलं आणि बोबडी वळली. आडवा झाला की परत वाचा आली.

घरी येऊन त्यानं बायकोला, खैरुन्निसाला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "अवं, निजून बोलतो आन् उभा राहून मुका व्हतो? असला आजार मी बापजन्मात ऐकला न्हाई."

"आगं, आजार कसला? मोठ्या हुद्द्याचा आजार. त्येला ऑफिसर करनार आसतील. म्हंजे खोटं बी बोलायला नगं आन् खरं बी बोलायला नगं. नुसतं थोबाड वाकडं केलं की काम झालं."

"आन् पोरांच्या तोंडात काय घालायचं?" खैरुन्निसा म्हणाली. तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

संशयाला औषध नाही म्हणतात, ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हा पुन्हा तिकडं गेला, पण दारातून नाही. मागच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. आतून धारपाचा आवाज येत होता. पेपर वाचून दाखवत होता बायकोला! मधेच कशावरून तरी दोघं हसली. युनूसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो तसाच वळसा घालून घरात शिरला.

"काय दिलं साहेबानं? आं? नुसती सफरचंदंच का आनखी काय?"

मृदुलावहिनीचा संयम सुटला. एरवी मोठ्यानं न बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिनं याला फाडून खाल्लं. "लाज नाही वाटत? ते बेहेरे कशाला आले होते ठाऊक आहे? यांना चिमटे काढून बघायला! युनियननं शिकवून नाटक करायला लावलंय म्हणाले, साक्ष लांबवायला. काल तुमच्या साहेबानं विचारायचं नाटक आहे का, आज तुम्ही विचारायचं. आजारी माणसानं मरून दाखवायचं का तुम्हा लोकांना? उद्या पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचंय. तुम्हीच चला. एक बाजू धरायला माणूस हवाच आहे मला."

युनूस गेला. मदतीला नाही, बघायला गेला, हे उघडच आहे. धारपाला टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवा घातला, वहिनी पायाशी अंग चोरून बसली आणि हा पुढं. दापोडीचा पूल ओलांडेपर्यंत हा मान वळवून वळवून धारपाचं तोंड तपासत होता.

डॉक्टर वयस्क होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी एक मोठी काळी फिल्म दिव्यासमोर धरली. मानेतल्या रक्तवाहिनीत सुईनं औषध सोडून घेतलेला फोटो होता तो. काळ्यावर पांढऱ्या रेघा, झाडाच्या मुळ्यांसारख्या.

"ही मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी मोठी वाहिनी. इथं बंद आहे. ठार बंद."

"मंग मानूस जिता कसा?" युनूसनं लगेच पकडलं.

"आडवाटांनी," डॉक्टर म्हणाले. "हे बघ, उजवीकडचं रक्त इथून पलीकडे वळलंय. ही डोळ्यामागची बारीक वाहिनी, ही चक्क उलटी वाहतेय. या वाटा एरवी ओस पडलेल्या असतात. हमरस्ता बंद झाला की उघडतात. यांच्या उघडल्या, म्हणून मेंदूचा चिमूटभर भाग गेला आणि बाकीचा वाचला."

"माज्या चुलत्याचा का न्हाई वाचला?"

"त्यांच्या वाटा नसतील किंवा फार बारीक असतील. जन्मतःच प्रत्येकाला सारख्या मिळत नाहीत. एकाच जागी रस्ता बंद होतो, एक माणूस चालत घरी जातो आणि दुसरा पुन्हा बोलत नाही."

पण हार मानणाऱ्यातला युनूस नव्हता. "आन् निजल्यावर बोलतो, उठल्यावर मुका व्हतो, ते कसं काय?"

"वरच्या मजल्यावर नळाला पाणी कधी येत नाही? दाब कमी असला की. आडवाटेच्या रक्ताला जोर कमी असतो. आडवा असला की पुरतं. उठून बसला किंवा उभा राहिला की वर पोचत नाही. मग वाचा जाते, हात जातो. लगेच आडवं केलं तर परत येतं." डॉक्टरांनी दिवा बंद केला. "उशीर केला तर तेवढा मेंदू मरतो. आणि मेलेला परत येत नाही. या वाटा हळूहळू रुंद होतील, पण काही महिने जायला हवेत. तोवर याला उभं करायचं नाही."

झालं, पटायला हवं होतं. येताना युनूसनं धारपाला टॅक्सीत नीट निजवलं, पायांखाली स्वतःचा टॉवेल घातला. पण डोकं काही गप्प बसेना. फोटो कुणाचा कशावरून? कोपऱ्यात नाव लिहिलं होतं खरं, पण नाव काय, कुणीही लिहितं. आणि डॉक्टर तरी कुणाचा माणूस? महिने म्हणे. महिन्यांनी साक्ष देऊन काय माझ्या मयताला फुलं वाहणार?

खंडूनं आजारपणाची डॉक्टरांची चिठ्ठी जोडून इन्क्वायरी पुढं ढकलायला अर्ज केला, तो फेटाळला गेला. निदान साक्ष तरी घरी येऊन घ्या म्हणाला. इन्क्वायरी चालवायला कंपनीनं पुण्याहून आणलेले वकीलसाहेब त्यावर हसले. "बिछान्यावरची साक्ष? उशाशी बसून कोण काय पढवतंय, मला कसं कळणार?"

हे धारपाच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी येतो. दोन तर वाक्यं आहेत." वहिनी रडली, भांडली, अबोला धरला. पण तो बधला नाही. माल पास तर पास, नापास तर नापास, तसाच हट्टी माणूस तो. युनूसनं खाली बघत ऐकून घेतलं आणि 'नको' म्हटलं नाही. का म्हणावं? आता कळेलच की काय ते. बोलला तर खरा, जीभ अडखळली तर विकला गेलेला.

इन्क्वायरीच्या दिवशी धारपाला टेम्पोत गादी घालून गेटपर्यंत आणला आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर आडवा ठेवला. आत लांबलचक टेबल, पण खुर्च्या तीनच. एक वकीलसाहेबांना, एक बेहेरेला, एक टायपिस्टला. कामगारानं साहेबापुढं उभं राहायचं, हा कंपनीचा रिवाज. चार्जशीटवालाही उभा, साक्षीदारही उभा. खुर्ची मागायची कुणाच्या मनातसुद्धा यायची नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. धारप स्वतःही कधी साहेबांपुढं बसला नव्हता. त्याला बोलावल्यावर तो भिंतीच्या आधारानं आत आला, इस्त्रीचा शर्ट नीट केला आणि टेबलापुढं ताठ उभा राहिला.

"नाव?"

"सुरेंद्र धारप. इन्स्पेक्शन विभाग."

"काय सांगायचंय?"

"दिवे गेले तेव्हा मी चेकिंगच्या टेबलाशी होतो. त्या वेळी माझ्या... माझ्यास..."

युनूस दोन हात अंतरावर उभा होता. झालं, फिरला!

"माझ्या... स... बुश... माझ्या बुश..." धारपाचा उजवा हात लोंबला. त्यानं डाव्या हातानं टेबलाची कड धरली. वकीलसाहेबांनी बेहेरेकडं बघितलं, बेहेरेनं मान हलवली. टायपिस्टची बोटं तशीच हवेत थांबली होती.

आणि तेव्हा युनूसला दिसलं. धारपाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ निघाली होती. हनुवटीवरून ओघळून ती त्या इस्त्रीच्या शर्टावर पडत होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. नाटक करणारा एव्हाना खाली बसला असता. त्याची सुटका झाली होती, आता बोलायची गरजच काय? पण हा बसत नव्हता. टेबल धरून, कपाळाच्या शिरा फुगवून, घामानं डबडबून तो एकच शब्द बाहेर ढकलायला बघत होता. "स... स... मो..." प्रत्येक क्षणाला डोक्यातलं काहीतरी मरत असणार, आणि हा गडी कुणासाठी उभा होता? ज्यानं खिडकीखाली उभं राहून त्याचं बोलणं चोरून ऐकलं, त्याच्यासाठी.

"या अल्ला," युनूसच्या तोंडून निघालं. त्यानं एका ढांगेत जाऊन धारपाला काखेत धरलं. धारप टेबल सोडेना. त्याची बोटं सोडवावी लागली. युनूसनं त्याला फरशीवर उताणा निजवला, त्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि तसाच बसून राहिला. "निजा. निजा जरा, सुरेंद्रराव. बोलू नगा."

हळूहळू धारपाच्या तोंडाची वाकडी बाजू सरळ झाली. त्यानं छताकडं बघत खणखणीत आवाजात सांगितलं, "त्या वेळी युनूस मुलाणी माझ्यासमोर उभा होता. दिवे परत येईपर्यंत तो माझ्याशी भांडत होता. जयसिंगला मारणारा हा नव्हे."

टायपिस्टची बोटं खाली आली. वकीलसाहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.

"थांब. हे लिहायचं नाही." ते टेबलावरून पुढं वाकले. "उभा असताना साक्षीदाराला काही आठवत नव्हतं. मग आरोपी त्याच्यावर ओणवा झाला, कानाशी कुजबुजला, आणि साक्ष तयार! कानात काय सांगितलंस रे?"

"निजा म्हनालो, साहेब. आजारी हायती ते. त्यास्नी निजल्यावरच बोलता येतं."

"हे मला नवीनच आहे. धारप, तुम्हाला खरंच काही सांगायचं असेल तर उठा, आरोपीपासून लांब त्या भिंतीशी उभे राहा आणि तेच पुन्हा सांगा. लगेच लिहून घेतो."

"सांगतो," धारप म्हणाला आणि कोपरावर उठायला लागला.

युनूसनं खांद्यावरचे त्याचे पाय खाली ठेवले, पुढं सरकला आणि त्याच्या छातीवर पंजा दाबून धरला.

"सोड, युनूस. तेच पुन्हा सांगायचंय फक्त. पोरं आहेत तुला."

"हायती. त्यास्नी मी बगीन. तुमी उठायचं न्हाई."

"अरे, तुझी नोकरी—"

"उठायचं न्हाई म्हनालो ना!" युनूस ओरडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची शरम वाटत नव्हती. त्यानं मान वर करून वकीलसाहेबांकडं बघितलं. "साहेब, माजा साक्षीदार न्हाई. तसं ल्ह्या."

"विचार कर. हा एकच साक्षीदार आहे तुझा."

"केला. ल्ह्या."

टाइपरायटर खडखडायला लागला. बेहेरे वकीलसाहेबांच्या कानाशी वाकला, पण आवाज काही त्यानं फारसा खाली आणला नाही. "बघितलंत ना, साहेब? स्वतःच्याच साक्षीदाराचं तोंड दाबतोय. आता शंकाच नको. पाना यानंच घातला."

युनूसनं ते ऐकलं. धारप त्याच्या पंज्याखाली उठायची धडपड करत होता, आणि युनूसनं दोन्ही हातांनी त्याला खाली धरून ठेवलं.